गडेगावचा गिअर आणि कॉव्हेंट्रीची जॅग्वार

मंडळी, आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. लक्झरी स्पोर्ट्स सेडान, आणि तीही भंडाऱ्यात? आपला जिल्हा तलावांचा, धानाचा, कोशाच्या कापडाचा, पितळी भांड्यांचा. महागडी गाडी आपल्याला दिसते ती नागपूर–रायपूर महामार्गावर, तीही सुसाट निघून जाताना. पण त्याच महामार्गावर, लाखनीच्या अलीकडे, गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे. त्या नावातल्या दुसऱ्या शब्दापासून आपण सुरुवात करू या.

लेलँड हे इंग्लंडातल्या लँकेशायरमधलं एक गाव. तिथली लेलँड मोटर्स ही ट्रक आणि बस बनवणारी कंपनी. इकडे १९४८ साली रघुनंदन सरन यांनी अशोक मोटर्स काढली, ती ऑस्टिनच्या मोटारी जोडण्यासाठी. पुढे लेलँडचं भांडवल आलं आणि १९५५ मध्ये कंपनीचं नाव अशोक लेलँड झालं. मग १९६८ मध्ये विलायतेत मोठी घडामोड झाली. लेलँड आणि ब्रिटिश मोटर होल्डिंग्ज एकत्र येऊन ब्रिटिश लेलँड ही प्रचंड कंपनी तयार झाली, आणि ब्रिटिश मोटर होल्डिंग्जच्या पोटात होती जॅग्वार. म्हणजे १९८२ मध्ये गडेगावचा कारखाना उभा राहिला तेव्हा तो आणि कॉव्हेंट्रीची जॅग्वार ही नात्याने चुलत भावंडं होती. नातं टिकलं दोन वर्षं. १९८४ मध्ये जॅग्वार वेगळी झाली आणि १९८७ मध्ये अशोक लेलँडमधला विलायती हिस्सा हिंदुजा आणि इटलीच्या इव्हेकोकडे गेला.

हे झालं कागदावरचं नातं. आपल्याला बघायचंय ते लोखंडातलं.

१९६८ च्याच सप्टेंबरात जॅग्वारने एक्सजे६ बाजारात आणली. लक्झरी स्पोर्ट्स सेडान म्हणजे काय, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण आम्हाला तरी सापडत नाही. या गाडीकडून दोन परस्परविरोधी मागण्या असतात. वेगात वळण घेताना ती रस्त्याला चिकटून राहिली पाहिजे, म्हणजे स्प्रिंगा कडक हव्यात. आणि मागे बसलेल्या माणसाच्या हातातला चहा सांडता कामा नये, म्हणजे स्प्रिंगा मऊ हव्यात. आता करा काय करता!

जॅग्वारचे अभियंते विल्यम हेन्स आणि बॉब नाइट यांनी काढलेली वाट बघा. खड्ड्यात चाक आदळतं तेव्हा चाकाबरोबर जेवढं वजन वरखाली होतं, तेवढा धक्का मोठा. म्हणून मागचे डिस्क ब्रेक त्यांनी चाकापाशी न ठेवता आत, डिफरन्शियलजवळ नेले. चाकाला ताकद पोचवणारा दांडाच सस्पेन्शनचा वरचा हात म्हणून वापरला. एक भाग, दोन कामं. आणि हा सगळा संच एका चौकटीत बसवून ती चौकट जाड रबराच्या आधाराने गाडीला जोडली, म्हणजे रस्त्याचा आवाज तिथेच अडला. ही मागची रचना १९६१ च्या मोटारींपासून चालत आलेली होती. एक्सजे६ मध्ये पुढच्या बाजूलाही तशीच काळजी घेतली. स्प्रिंगा मऊ राहिल्या आणि गाडी वळणावर लोळली नाही. गाडीचं रूप कंपनीचे संस्थापक विल्यम लायन्स यांनी स्वतः ठरवलं, आणि ते सुंदर आहे. पण लोक रूपाबद्दल बोलतात आणि रबराबद्दल कोणी बोलत नाही, ही आमची तक्रार.

आता गिअरबॉक्स. इथे आपला जिल्हा येतो.

जुना ट्रक चालवलेल्या माणसाला 'डबल क्लच' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. खालचा गिअर टाकायचा तर आधी क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, ॲक्सिलरेटर मारा, पुन्हा क्लच दाबा, मग गिअर. चुकलं की कर्र आवाज, आणि क्लीनरचं हसणं. कारण सरळ आहे. आतली दोन चाकं वेगवेगळ्या गतीने फिरत असतात. गती जुळल्याशिवाय दाते एकमेकांत बसत नाहीत. हा त्रास काढला सिंक्रोमेशने. दाते भिडण्याआधी एक शंकूच्या आकाराची कडी फिरत्या चाकाला घासते आणि दोघांची गती सारखी करते. ही कडी बहुधा खास पितळेची असते. भंडाऱ्याच्या श्रोत्यांना हे सांगताना थोडा आनंद होतो, लपवत नाही.

सिंक्रोमेश १९२८ मध्ये पहिल्यांदा आला तो अमेरिकेत, कॅडिलॅकमध्ये. म्हणजे श्रीमंतांच्या हाताला त्रास नको म्हणून. गंमत अशी की जॅग्वारच्या गाड्यांतही १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. एवढ्या देखण्या गाडीचा मालकसुद्धा तिथे कर्र वाजवत असे. आणि गडेगावला बनू लागले ते ट्रक-बसचे सिंक्रोमेश गिअरबॉक्स, जर्मनीच्या झेडएफ कंपनीच्या तंत्रज्ञानावर. कॅडिलॅकच्या मालकाची चैन पन्नासेक वर्षांनी ट्रक ड्रायव्हरपर्यंत पोचली. रोज दहा तास घाट चढणाऱ्याला ती चैन नव्हती. त्याचा खांदा आणि गुडघा वाचत होता.

गिअरचा दात मोठा विलक्षण असतो. वरून तो इतका कठीण हवा की झिजता कामा नये, आणि आतून इतका चिवट की झटक्याने तुटता कामा नये. म्हणून कमी कार्बनचं पोलाद घेतात, दाते कापतात, मग सुमारे ९०० अंश सेल्सिअसच्या वर भट्टीत ठेवून फक्त वरच्या थरात कार्बन मुरवतात. त्यानंतर तेलात विझवतात. मिलिमीटरभर कातडी कठीण होते, गाभा चिवट राहतो. हे पोलाद खोलवर नीट कडक व्हावं म्हणून त्यात मँगनीज आणि क्रोमियम घालतात. गिअरसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या एका प्रकारात मँगनीज सव्वा टक्क्याच्या आसपास असतं. एक किलोच्या गिअरमागे बारा-तेरा ग्रॅम.

आणि मँगनीज म्हटलं की तुमसर तालुका: चिखला, डोंगरी बुजुर्ग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथलं खनिज रेल्वेने बंदराकडे आणि तिथून परदेशी पोलादाच्या भट्ट्यांकडे जात होतं. खाणी ब्रिटिश कंपनीच्या होत्या. १९६२ मध्ये आजच्या मॉईलची स्थापना झाली आणि १९७७ मध्ये त्या पूर्णपणे सरकारी मालकीच्या झाल्या. वरठीला सनफ्लॅगचा कारखाना मोटार उद्योगासाठी मिश्र पोलादाच्या सळया बनवतो. खाण, पोलाद आणि गिअरबॉक्स, तिन्ही एका जिल्ह्यात. असे जिल्हे देशात किती असतील?

मग आपल्याकडे नाही काय? ठरवण्याचा हक्क नाही. तो काय असतो हे जॅग्वारच्याच इतिहासात दिसतं. ब्रिटिश लेलँडच्या काळात वरून दबाव होता की जॅग्वारच्या पुढच्या गाडीत रोव्हरचं व्ही८ इंजिन बसवा. असं सांगतात की जॅग्वारच्या लोकांनी नव्या गाडीची पुढची बाजू मुद्दामच अशी आखली की ते रुंद इंजिन आत मावूच नये. ती गाडी १९८६ मध्ये आली, स्वतःच्या सहा सिलिंडरच्या इंजिनासह. कंपनी दुसऱ्याची होती, पण आराखडा त्यांच्या हातात होता. गडेगावला आराखडा बाहेरून आला. आपल्या कामगाराने तो मायक्रॉनच्या हिशेबात उतरवला, हे कौशल्य लहान नाही. पण दाताचा कोन काय असावा, हे विचारायला त्याला कोणी बोलावलं नाही. पॉलिटेक्निकमधून निघालेली आपली मुलं पुण्याला जातात त्यामागे पगार आहेच, हेही आहे.

चक्र पुढे कसं फिरलं बघा. २००८ मध्ये टाटा मोटर्सने जॅग्वार विकत घेतली आणि २०१३ पासून जॅग्वार एक्सएफ ही सेडान पुण्यात जोडली जाऊ लागली. तिच्यातला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कोणाचा? झेडएफचा.

आता विजेच्या मोटारी आल्यात. बहुतेकींना पाच-सहा गिअर लागतच नाहीत, एकच जोडी पुरते. गडेगावसारख्या ठिकाणी याची धास्ती वाटणं साहजिक आहे. डोंगरी बुजुर्गची बाजू वेगळी. तिथलं मँगनीज डायऑक्साइड पूर्वीपासून बॅटरीच्या सेलसाठी जातं, आणि मोटारींच्या कित्येक लिथियम बॅटऱ्यांतही मँगनीज असतंच. पण गिअरबद्दल एक गोष्ट राहिली. पेट्रोलच्या इंजिनाच्या आवाजात दात्यांची कुई झाकली जायची. विजेच्या गाडीत झाकायला काहीच नाही, ती थेट कानात येते. म्हणून उरलेल्या त्या एका जोडीचे दाते आधीपेक्षा जास्त बारकाईने घासावे लागतात.