गर्वाचा कोट

तारापूरचा पोर्तुगीज कोट पाहिला, की मला हटकून फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ आठवते. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाने बायबलातली कथा मराठी ओवीत सांगितली. १६१६ साली ती राशोलला छापली गेली.

तीत देवदूतांचे पतन येते. त्या तेजस्वी दूतांना उणे काय होते? पण ‘मीच देवासमान का नसावे?’ हा गर्व मनात शिरला आणि स्वर्ग सुटला. आदाम-एवेचेही तेच! सारी बाग त्यांची. मन मात्र वर्ज्य केलेल्या एका झाडापाशी घुटमळले. गर्व आणि असंतोष ही जुळी भावंडेच.

पण ही शिकवण लोकांच्या भाषेत छापून निघाली, त्याच गोव्यात १६८४ साली फर्मान निघाले: तीन वर्षांत देशी बोली टाका, पोर्तुगीज बोला! बोली टिकली. १७३९ साली मराठ्यांनी आधी तारापूर घेतले, मग वसई. विजेत्यांनीही ही कथा ऐकायला हवी होती. १८१८ साली पेशवाईही बुडाली.

वाचकहो, फराळाला बसल्यावर नजर शेजारच्या ताटाकडे वळली, तर आपल्या ताटातली करंजी आधी पाहावी, एवढेच!