सदोष विद्युत् विच्छेद्य धारित्रे

विजेचा भार अल्पकाळ साठवून, मंडलास गरज पडताच तो परत देणाऱ्या घटकास धारित्र, अथवा बाजारात रूढ असलेल्या नावाने कपॅसिटर किंवा कंडेन्सर, म्हणतात. या घटकाच्या ॲल्युमिनियम विद्युत् विच्छेद्य जातीतील फार मोठ्या संख्येचे नग सुमारे १९९९ ते २००७ या काळात अकाली निकामी झाले आणि संगणकांचे मदरबोर्ड, वीजपुरवठा संच व पडदे यांच्या टिकाऊपणाविषयी ग्राहकांना वाटणारा भरवसा डळमळला. या प्रकरणास जगभर ‘कपॅसिटर प्लेग’ असे नाव मिळाले.

रचना : ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये विच्छेद्य द्रवात भिजवलेला कागद, ही सर्व गुंडाळी सामावणारी धातूची डबी आणि तिचे तोंड बंद करणारे रबरी बूच, एवढीच या धारित्राची सामग्री असते. धनाग्राच्या पट्टीवर रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम ऑक्साइडचा जो थर चढवलेला असतो, तोच खरा अपारक होय. त्याची जाडी दर व्होल्टमागे सुमारे १·४ नॅनोमीटर, म्हणजे अतिशय अल्प, असल्यामुळे लहानशा डबीत मोठी धारिता मावते. डबीच्या माथ्यावर पाडलेल्या फुलीसारख्या खाचा म्हणजे स्फोट टाळण्याची तजवीज असून, आतील दाब वाढल्यास माथा तेथून उकलतो.

कारणमीमांसा : संगणकाचा प्रक्रियक सुमारे दीड व्होल्ट दाबाला कित्येक अँपिअर प्रवाह मागतो आणि ही मागणी क्षणाक्षणाला बदलते. त्यामुळे त्याच्या शेजारील धारित्रांचा अंतर्गत रोध अत्यल्प असावा लागतो. ही गरज भागवण्यासाठी १९९० नंतरच्या दशकात जपानी उत्पादकांनी ज्यात पाण्याचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत आहे असे स्वस्त व सुवाहक विच्छेद्य प्रचारात आणले. परंतु पाणी ॲल्युमिनियमशी संयोग पावून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड व हायड्रोजन वायू निर्माण करते, आणि ही विक्रिया रोखून धरणारी निरोधक द्रव्ये विच्छेद्यात योग्य प्रमाणात नसतील, तर ऑक्साइडचा थर क्षीण होत जातो, वायूचा दाब वाढतो, माथा फुगतो आणि अखेर तपकिरी द्रव बाहेर पाझरतो. मुख्यत्वे तैवानमधील काही उत्पादकांच्या मालात नेमकी हीच उणीव राहिली होती. हिलमन व हेल्मोल्ड यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या परीक्षणात, निकामी धारित्रांच्या विच्छेद्यात आवश्यक घटक मुळीच नव्हते किंवा अपुरे होते, असे दाखवून दिले. जपानमधून चोरलेले सूत्र अपुऱ्या स्वरूपात हाती लागल्यामुळे हा दोष उद्भवला, अशी वार्ता २००२ साली व्यावसायिक नियतकालिकांनी दिली. परंतु तिचा निर्णायक पुरावा पुढे आलेला नसल्यामुळे तिची नोंद वार्ता म्हणूनच करणे उचित होय.

परिणाम : असे धारित्र बसवलेले यंत्र कारखान्यातील तपासणीत निर्दोष ठरे, दुकानातही बिनतक्रार चाले, आणि काही महिन्यांनी वा दोन-तीन वर्षांनी, पुष्कळदा हमीची मुदत संपत आली असता, आपोआप बंद पडू लागे, पुनःपुन्हा सुरू होई किंवा मुळीच सुरू होत नसे. लक्षण विस्कळित असल्यामुळे संशय प्रथम संगणकप्रणालीवर जाई आणि खरा अपराधी झाकणाखाली फुगत राही. डेल कंपनीने २००५ साली अशा संगणकांच्या दुरुस्तीखर्चापोटी ३० कोटी डॉलरची तरतूद केली. मे २००३ ते जुलै २००५ या काळात तिने विकलेले किमान १ कोटी १८ लाख संगणक या धोक्याच्या कक्षेत होते, असे पुढे एका दाव्यातील दस्तऐवजांवरून उघड झाले. या संगणकांतील धारित्रे निचिकॉन या जपानी कंपनीची होती. तेव्हा दोषाचे खापर केवळ तैवानी मालावर फोडणे न्याय्य नाही. ॲपल कंपनीलाही आयमॅक जी५ या संगणकाच्या काही नगांसाठी मोफत दुरुस्तीची मुदत वाढवावी लागली.

आयुर्मान व दुरुस्ती : निर्दोष धारित्रदेखील अमर नसते. तापमान दर १० अंश सेल्सिअसने कमी झाल्यास त्याचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. या हिशेबाने १०५ अंशांस २,००० तास टिकणारे धारित्र ६५ अंशांस ३२,००० तास, म्हणजे अखंड वापरात सुमारे साडेतीन वर्षे, टिकावे. यावरून धूळ साचलेला पंखा व कोंदट कपाट यांची किंमत ध्यानात यावी. निकामी नग बदलताना धारिता तितकीच, व्होल्टमर्यादा तितकीच वा अधिक, तापमानाची श्रेणी १०५ अंशांची आणि अंतर्गत रोध कमी, इतके तरी पाहिलेच पाहिजे. डबीवरील पट्टा ऋण टोक दाखवतो, आणि ते उलटे जोडल्यास धारित्र फुटू शकते. वीजपुरवठा संचातील मोठे धारित्र तार काढल्यावरही घातक भार धरून राहते, म्हणून हे काम जाणकाराकडेच सोपवावे. नंतरच्या काळात उत्तम मदरबोर्डांवर द्रव विच्छेद्याऐवजी घन बहुवारिकाची धारित्रे येऊ लागल्याने पाझरण्याचा प्रश्न तेथे उरला नाही.

मूल्यमापन : काही रुपयांच्या जिनसात काटकसर करून हजारो रुपयांचे यंत्र बेभरवशाचे करणे हा व्यवहार उत्पादकास महाग पडला आणि ग्राहकास त्याहून महाग पडला, कारण उत्पादकास निदान कारण ठाऊक होते. या प्रकरणात निकालात निघालेल्या कित्येक यंत्रांचे बाकी सर्व भाग धडधाकट होते. म्हणून बंद पडलेले उपकरण भंगारात देण्यापूर्वी ते एकदा उघडवून घ्यावे आणि धारित्रांचे माथे सपाट आहेत की फुगलेले, हे कारागिराकडून पाहून घ्यावे.