रंध्याच्या पोटातल्या तारखा

अमेरिकेत उन्हाळ्यातल्या शनिवारी सकाळी घराघरांसमोर जुने सामान विकायला मांडतात. त्यात आजोबांच्या हत्यारांची एखादी पेटी असते आणि तळाशी गंजलेला लोखंडी रंधा. तो हातात आला की आधी पाते काढावे. पाते ज्यावर टेकते त्या फ्रॉगच्या मागे, रंध्याच्या पोटात, अनेकदा ओतीव अक्षरांत पेटंटच्या तारखा असतात. मार्च १९०२, ऑगस्ट १९०२, एप्रिल १९१० अशा तिन्ही दिसल्या, तर रंधा साधारण पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा.

लोखंडी रंधा रोमन लोकांकडेही होता. पॉम्पेईच्या राखेतून तसे सापडले आहेत. नंतर मात्र कित्येक शतके सुताराचा रंधा लाकडीच राहिला. त्याचे पाते पाचरीने घट्ट बसवायचे आणि खोली कमी-जास्त करायची तर हातोडीने ठोकायचे. कसलेला सुतार ते कानावर साधत असे, नवख्याची मात्र अर्धी सकाळ त्यातच जाई.

ही ठोकाठोकी थांबवली लेनर्ड बेलीने. बोस्टनजवळच्या या कारागिराने १८५० आणि ६०च्या दशकांत पेटंटांमागून पेटंटे घेतली. पितळी चाकी बोटाने फिरवली की पाते केसभर पुढे किंवा मागे सरकते, ही त्याची देणगी. पातेही त्याने पातळ केले. जाड पात्याचे काम त्यावर दाबून बसवलेली पट्टी आणि तिला घट्ट धरणारी लिव्हर कॅप करू लागली, त्यामुळे धार लावायचे कष्ट कमी झाले. माझ्या मते हत्यारांच्या इतिहासात एवढा अचूक विचार फार थोड्यांनी केला.

१८६९ साली कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनच्या स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. बेली तिथे कामाला गेला, पण काही वर्षांतच वितुष्ट येऊन बाहेर पडला. त्याने ‘व्हिक्टर’ नावाचे रंधे काढले. तेही पुढे स्टॅन्लीनेच घेतले. रंध्याच्या नाकावर ‘बेली’ हे नाव ओतायला कंपनीने सुरुवात केली ती १९०२च्या सुमारास, तो कंपनी सोडून पाव शतक उलटल्यावर. पाते डावी-उजवीकडे कलवणारी दांडी १८८०च्या दशकात आली. दुसऱ्या महायुद्धात पितळाची टंचाई झाली, म्हणून त्या वर्षांतल्या काही रंध्यांना कडक रबराची चाकी आहे.

विकत घेताना तोंडाजवळ, म्हणजे पाते बाहेर डोकावते त्या फटीजवळ, तडा आहे का ते आधी बघावे. हे रंधे बिडाचे असतात आणि बीड ठिसूळ असते, तडकलेला रंधा सोडून द्यावा. गंज व्हिनेगरमध्ये भिजवून निघतो. मग धुऊन, पुसून लगेच तेल लावावे. सपाट काचेवर सँडपेपर पसरून तळ घासावा, पण तोंडाची आणि दोन्ही टोकांची पातळी एक झाली की थांबावे. पात्याची पाठ आरशासारखी करायला वेळ लागतो, तो द्यावाच. रोजवुडची मूठ तुटली असेल तर चिकटवावी, फेकू नये.

एक कळकळीची विनंती: ग्राइंडर लावून रंधा चांदीसारखा चमकवू नका. जुना काळा लेप, ओतलेली अक्षरे, आधीच्या मालकाने ठोकलेली आद्याक्षरे राहू द्या. पहिला रंधा घ्यायचा असेल तर स्टॅन्लीचा नऊ इंची चार नंबर किंवा चौदा इंची पाच नंबर घ्या. ते मुबलक मिळतात आणि धार लावली की आजही उत्तम चालतात.