लिपस्टिकची रेघ

आपल्याकडे बहुतेक घरांतल्या आरशाच्या कडेला एखादी तरी टिकली चिकटवलेली असते. अशा आरशासमोर चार पावलांवर उभे राहा. तुमच्या मागे, थोडा बाजूला, टिकलीपेक्षा बुटक्या स्टुलावर आरशाच्या दिशेनं पेटता टॉर्च ठेवा. आता गुडघ्यांत वाकून टॉर्चचं बिंब बरोबर टिकलीच्या रेषेत आणा. जरा ताठ झालात की बिंब टिकलीच्या वर सरकतं, जास्त वाकलात की खाली घसरतं. बिंब टिकलीवरून हलू न देता आरशाकडे चालत गेलात, तर प्रत्येक पावलागणिक थोडं थोडं वाकावं लागतं. म्हणजे डोळा एका अदृश्य उतारावरून खाली येत असतो. समुद्रावर डुलणाऱ्या डेकवर जेट विमान उतरवण्याची युक्ती एवढीच आहे. तिची कुळकथाही अशाच एका घरगुती आरशापाशी जाऊन पोचते.

त्याआधी वैमानिक आरशाकडे नव्हे, माणसाकडे बघून उतरत. विमानवाहू नौकेच्या डेकवर मागच्या टोकाशी, डाव्या कडेला, एक अधिकारी दोन्ही हातांत टेबल टेनिसच्या मोठ्या बॅटींसारख्या रंगीत फळ्या घेऊन उभा असे. ब्रिटिश नौदलात त्याला ‘बॅट्समन’ म्हणत. फलंदाज, पण चेंडू चुकला तर जाणारी विकेट दुसऱ्याची. अमेरिकी वैमानिक त्याला ‘पॅडल्स’ म्हणत, म्हणजे त्या बॅटीच. समोरून येणारं विमान नुसत्या नजरेनं जोखून तो हात वर, खाली, तिरके करी. सगळं जमलं की ‘कट’ची खूण होई. वैमानिक इंजिन मंद करी, विमान धपकन डेकवर बसे आणि शेपटीखालचा हूक आडव्या ताणलेल्या एखाद्या तारेत अडके.

यात एक मजेशीर, खरं तर जिवावरचा गोंधळ होता. दोन्ही फळ्या वर धरल्या की ब्रिटिश बॅट्समन सांगत असे, ‘वर ये’. अमेरिकी माणसाच्या त्याच खुणेचा अर्थ, ‘तू फार वर आहेस’. एक आज्ञा देत होता, दुसरा निदान सांगत होता. अखेर ब्रिटिशांनी अमेरिकी पद्धत उचलली. अंगवळणी पडलेली खूण उलटी वाचायला शिकणं त्या पिढीच्या वैमानिकांना किती जड गेलं असेल, याची कल्पना करवत नाही.

पंख्याच्या विमानांपर्यंत हा कारभार चालला. मग 3 डिसेंबर 1945 रोजी एरिक ब्राऊन या ब्रिटिश वैमानिकानं ‘ओशन’ या नौकेवर व्हॅम्पायर जातीचं जेट उतरवलं. विमानवाहू नौकेवर उतरलेलं पहिलं शुद्ध जेट ते हेच. ब्राऊन अंगानं इतका लहानखुरा की मित्र त्याला ‘विंकल’ म्हणत. विंकल म्हणजे समुद्रातली छोटी गोगलगाय. त्यानं जेट उतरवलं खरं, पण रोज उठून प्रत्येकाला ते जमणार नव्हतं. जेट ताशी सव्वादोनशे किलोमीटरनं येत असेल, तर सेकंदाला साठहून जास्त मीटर अंतर कापतं. बॅट्समनला चूक दिसायची, त्याचा हात हलायचा, वैमानिकानं तो बघायचा, मग लिव्हर ढकलायची. एवढ्यात डेकच तोंडाशी येई. त्यात सुरुवातीची जेट इंजिनं म्हणजे जागी व्हायला वेळ घेणारी धेंडं. एकदा मंद केली की पूर्ण जोर धरायला कित्येक सेकंद लागत. ‘कट’ ही खूणच घातकी ठरली.

तोडगे तऱ्हेतऱ्हेचे निघाले. सर्वांत अचाट तोडगा रबरी डेकचा होता. विमानाची चाकंच काढून टाकायची, डेकवर हवा भरलेल्या नळ्यांवर रबराची चादर अंथरायची आणि विमान पोटावर आपटायचं. ‘वॉरियर’ नौकेवर 1948 साली ब्राऊननं हेही करून दाखवलं. पुढे प्रश्न उरला, चाकं नसलेलं विमान तिथून हलवायचं कसं? त्याच खलबतासाठी 9 ऑगस्ट 1951 रोजी बोलावलेल्या बैठकीत कॅप्टन डेनिस कॅम्बेल यांनी कल्पना मांडली, की उतरण्याची पट्टी नौकेच्या रेषेत न ठेवता थोडी डावीकडे तिरकी करावी. म्हणजे हूक चुकला तरी समोर उभ्या विमानांची रांग नाही, मोकळा समुद्र आहे. पुन्हा उडून फेरी मारता येईल. रबर इतिहासजमा झालं, तिरका डेक राहिला. एखाद्या लग्नाच्या बैठकीत भलत्याच दोघांचं जमून जावं, तशातला हा प्रकार.

डेक तिरका झाल्यावर इंजिन चालू ठेवूनच उतरायचं ठरलं. पण उतार नेमका कोणता, हे सेकंदासेकंदाला कोण सांगणार? इथे निकोलस गुडहार्ट येतात. ब्रिटिश नौदलातले अभियंता अधिकारी आणि वैमानिक. शिवाय हाडाचे ग्लायडरपटू; पुढे 1956 साली फ्रँक फॉस्टर यांच्या जोडीनं त्यांनी दोन आसनी ग्लायडरची जागतिक स्पर्धा जिंकली. माझ्या मते खरी मेख इथेच आहे. इंजिन नसलेल्या विमानातून उतरणाऱ्या माणसाला उताराचा कोन हाडामांसात माहीत असतो. चूक झाली तर दुसरी संधी नसते.

गोष्ट अशी सांगतात. 1951 साली गुडहार्टनी कार्यालयातल्या सेक्रेटरीकडून पर्समधला छोटा आरसा आणि लिपस्टिक मागून घेतली. लिपस्टिकनं आरशावर एक आडवी रेघ ओढली, आरसा टेबलावर उभा केला, त्याच्यावर टॉर्चचा झोत सोडला आणि तिलाच सांगितलं, ‘प्रकाशाचा ठिपका रेघेवर ठेवून चालत या.’ ती वाकत वाकत आली आणि तिची हनुवटी अलगद टेबलाला टेकली. विमान उडवण्याचं कसलंही शिक्षण नसलेल्या बाईनं पहिल्याच खेपेला अचूक ‘लँडिंग’ केलं! साहेबांना पटायला आणखी काय हवं होतं?

नौकेवर गेल्यावर पर्समधला आरसा माणसापेक्षा मोठा झाला. डेकच्या डाव्या कडेला, शेपटीकडे तोंड करून, थोडा आत वळलेला धातूचा चकचकीत आरसा. त्याच्या समोर, नौकेच्या शेपटीकडे, आरशावर झोत टाकणारे दिवे. लिपस्टिकच्या रेघेच्या जागी आरशाच्या दोन्ही अंगांना हिरव्या दिव्यांची आडवी ओळ. वैमानिकाला आरशात प्रकाशाचा एक गोळा दिसे. गोळा हिरव्या ओळीत, तर तो सुमारे तीन अंशांच्या उतारावर बरोबर आहे. वर, तर विमान वर. खाली, तर विमान खाली. समुद्र नौकेला वरखाली झुलवी, म्हणून आरसा जायरोस्कोपच्या आधारानं स्थिर धरलेला. वैमानिकानं शेवटपर्यंत विमान उचलायचं नाही, अलगद टेकवायचं नाही; गोळा धरून सरळ डेकवर यायचं आणि चाकं टेकताच इंजिन पूर्ण जोरात लावायचं. तार सापडली तर थांबाल, नाही तर उडाल.

‘इलस्ट्रियस’ आणि ‘इंडॉमिटेबल’ या नौकांवर चाचण्या झाल्या. 1954 मध्ये ब्रिटिश नौकांवर आणि 1955 मध्ये अमेरिकी नौकांवर आरसा आला. अमेरिकी विमानवाहू नौकांवर 1954 साली दर 10,000 उतरण्यांमागे 35 अपघात होत; 1957 साली ते 7 वर आले. श्रेय एकट्या आरशाचं नाही, तिरक्या डेकचंही आहे. एकावाचून दुसरा अर्धाच होता. त्या प्रकाशाच्या गोळ्याला अमेरिकी वैमानिकांनी नाव दिलं ‘मीटबॉल’, म्हणजे खिम्याचा गोळा. पुढे ते नुसतं ‘बॉल’ झालं.

आपल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचं नशीब पाहा. ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘हर्क्युलिस’ म्हणून बांधायला घेतलेली आणि युद्ध संपल्यावर अर्धवट पडून राहिलेली. भारतानं 1957 मध्ये ती घेतली, तोवर या सगळ्या नव्या युक्त्या सिद्ध झाल्या होत्या. बेलफास्टमध्ये ती पूर्ण होताना तिरका डेक, विमान फेकणारी वाफेची गोफण आणि उतरण्याचा आरसा, सगळं तिच्यावर चढलं. उशिरा जन्मल्याचा असा फायदा क्वचितच कुणाला होतो. 4 मार्च 1961 रोजी ती नौदलात दाखल झाली आणि 18 मे रोजी लेफ्टनंट ताहिलियानी यांनी तिच्यावर पहिलं सी हॉक जेट उतरवलं. हेच पुढे नौदलप्रमुख झाले. 3 नोव्हेंबरला ‘विक्रांत’ मुंबईत आली. सी हॉकच्या ‘व्हाइट टायगर्स’ तुकडीचा जमिनीवरचा मुक्काम पुढे गोव्यात दाबोळीला पडला.

1971 च्या युद्धात बॉयलरला तडे गेल्यामुळे ‘विक्रांत’ला पूर्ण वेग घेता येत नव्हता. उतरताना विमानाच्या वेगातून नौकेचा वेग आणि समोरचा वारा वजा होतो. नौका मंद, तर डेक अधिक वेगानं अंगावर येतो. अशा नौकेवरून 4 डिसेंबरला सी हॉक कॉक्स बाजारवर गेली. परतीच्या प्रत्येक फेरीत वैमानिकाला पुन्हा तो गोळा ओळीत धरायचा होता.

सी हॉक गेली, सी हॅरियर आली. ती आधी हवेत थांबत आणि मग उतरत, त्यामुळे तारा नकोत, हूक नको. मिग-29के आल्यावर ‘विक्रमादित्य’ या नौकेवर तारा परतल्या आणि उताराचे दिवेही. त्या रशियन दिव्यांच्या यंत्रणेचं नाव लूना. मराठी माणसाला लूना म्हटलं की पेडल मारून चालू करायची मोपेडच आठवते, त्याला कोण काय करणार. ‘विक्रांत’ 2014 मध्ये मुंबईच्या दारूखान्यात भंगारात निघाली आणि तिच्या पोलादाचा काही भाग पुण्याच्या बजाजनं मोटरसायकलसाठी घेतला.

आरसा आता कुठल्याच डेकवर उरलेला नाही. अमेरिकी नौकांवर त्याची जागा फ्रेनेल भिंगांनी घेतली. ज्या फ्रेंच माणसाची भिंगं 1823 पासून दीपगृहांत लागली, तोच हा फ्रेनेल. पण वैमानिक रेडिओवर अजून ‘बॉल’ दिसल्याचं सांगतो. डाव्या कडेला वाऱ्यात उभा असलेला अधिकारी ते ऐकून होकार देतो. त्याच्या हातात फळ्या नसतात. एका हातात फोन, दुसऱ्या हातात परत फिरण्याचे लाल दिवे पेटवणारं बटण. त्याला सगळे अजूनही ‘पॅडल्स’च म्हणतात.