हिपॅटायटिस-सी : उपचारानंतरचा यकृत-कर्करोग

हिपॅटायटिस-सीचा विषाणू गोळ्यांनी जातो. यकृताच्या कर्करोगाचा धोका मात्र घटतो, संपत नाही. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात औषधे मोफत मिळतात. सोफोसबुविर-डॅक्लाटासविरच्या सहसा १२ आठवड्यांच्या उपचाराने ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण विषाणुमुक्त होतात. मग पुन्हा कर्करोगासाठी तपासणी कशाला, हा आक्षेप सिरॉसिस (यकृतात वण पडून ते कडक होणे) नसलेल्यांबाबत बराचसा रास्त आहे. सिरॉसिस झालेल्या यकृतातील वण मात्र विषाणू गेल्यावरही उरतात आणि त्यांच्यासोबत कर्करोगाचा धोकाही. मद्यपान व मधुमेह या धोक्यात भर घालतात. कर्करोगाची लहान गाठ सहसा दुखत नाही, पण सोनोग्राफीत दिसू शकते आणि तेव्हाच उपचार सोपे असतात. यवतमाळ जिल्ह्यातील कळंबच्या रुग्णाला सोनोग्राफीसाठी यवतमाळची खेप खर्चिक वाटली, तरी उशिरा झालेले निदान त्याहून महाग पडते. सिरॉसिसच्या रुग्णांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी.