पथ्यावर पडलेले दिवस

दुखण्यातून उठणाऱ्या माणसासाठी मराठी भाषेने जेवढे शब्द घडवले, तेवढी पाने मराठी गद्याने त्याच्यासाठी खर्ची घातलेली नाहीत. तापाला ‘उतार’ पडतो, औषधाचा ‘गुण’ येतो, तोंडाला ‘चव’ येते, रोगी ‘अंग धरू’ लागतो आणि एके सकाळी ‘आज जरा हुशारी वाटते’ असे सांगतो. या हुशारीचा बुद्धीशी संबंध नाही; शरीर पुन्हा जगाची दखल घेऊ लागले, एवढाच तिचा अर्थ. आपली चरित्रे-आत्मचरित्रे मात्र आजाराचे वर्णन करतात, मृत्यूचे तर तपशिलाने करतात, आणि मधल्या दिवसांवरून ‘पुढे हळूहळू प्रकृती सुधारली’ या एका वाक्यात उडी मारतात.

व्हर्जिनिया वुल्फने १९२६ साली ‘ऑन बीइंग इल’ या निबंधात तक्रार केली होती, की प्रेम, युद्ध, मत्सर यांच्या पंक्तीला साहित्याने आजाराला कधी बसवले नाही. आमची तक्रार तिच्याहून लहान आहे. आजार असू द्या. आजार ओसरल्यानंतरचे, घरातच काढलेले, निरुपयोगी म्हणून हिशेबात न धरलेले जे दिवस असतात, त्यांचा इतिहास कुठे आहे? ‘पथ्य’ या शब्दात ‘पथ’ आहे. वाटेला धरून असलेले, म्हणून हितकर. त्यावरूनच ‘पथ्यावर पडणे’ हा वाक्प्रचार आला. काही दुखणी महाराष्ट्राच्या पथ्यावर पडली, हे खरेच आहे. ती कोणाच्या श्रमावर पडली, हे विचारल्याशिवाय मात्र तो इतिहास पुरा होत नाही.

सर्वांत ठळक उदाहरण जोतीराव फुले यांचे. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात त्यांचा जाहीर सत्कार होऊन त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली गेली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैत, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. त्यांचे स्नेही डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. जोतीराव काही प्रमाणात सावरले, पण उजवा हात परत आला नाही. तेव्हा साठी ओलांडलेल्या या माणसाने डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली, आणि पुण्यातल्या गंज पेठेतल्या घरात ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ लिहून काढले. १८८९ मध्ये ते पुरे झाले, २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले आणि ग्रंथ १८९१ मध्ये छापून निघाला.

डाव्या हाताची ही गोष्ट आपण जिद्दीचे उदाहरण म्हणून वर्गात सांगतो आणि पुढे जातो. मला त्या ग्रंथाचा आकृतिबंध अधिक बोलका वाटतो. तो प्रश्नोत्तरांचा आहे. प्रश्न विचारणारी माणसे कल्पित नाहीत. बळवंतराव हरी साकवळकर विचारतात, घरातला मुलगा यशवंत विचारतो, आणि जोतीराव उत्तर देतात. संवादाचा आकृतिबंध फुल्यांना नवा नव्हता. ‘गुलामगिरी’ त्यांनी १८७३ मध्येच त्या पद्धतीने लिहिली होती. पण तिथला संवाद वादाच्या आखाड्यातला आहे. इथल्या संवादाचा सूर मात्र अंथरुणाभोवती बसलेल्या आपल्या माणसांशी थांबत थांबत केलेल्या बोलण्याचा आहे. प्रश्न छोटे, उत्तरे कधी लांब, कधी दोन ओळींची; निर्माणकर्ता, सृष्टी, स्त्री आणि पुरुष, सत्य, लग्न, मृत्यू असे विषय येतात आणि सरतात. डाव्या हाताला लांब पल्ल्याची वाक्ये झेपत नसतील, असे म्हणण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही आणि तशी भौतिक स्पष्टीकरणे मला फारशी आवडतही नाहीत. पण हा ग्रंथ धावपळीच्या कार्यकर्त्याचा नसून घरात बसलेल्या माणसाचा आहे, एवढे त्याच्या पानोपानी जाणवते. १८८९ च्या फेब्रुवारीत, याच दिवसांत, यशवंतचे लग्नही सत्यशोधक पद्धतीने झाले. आजारपणातल्या घरात लग्न निघणे म्हणजे काय असते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना निराळे सांगायला नको.

त्या घरात पथ्याचे कोण पाहत होते? सावित्रीबाई. जोतीरावांच्या दुखण्यातल्या त्या सव्वादोन वर्षांविषयी आपण बोलतो तेव्हा बोलणे ग्रंथाविषयी होते. आणि सावित्रीबाईंच्या स्वतःच्या आयुष्यात दुखण्यातून उठण्याला जागाच उरली नाही. १८९७ च्या प्लेगात, हडपसरजवळ यशवंतने चालवलेल्या दवाखान्यात रोगी पोहोचवता पोहोचवता त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. शुश्रूषा करणारीला बरे होण्याचे दिवस मिळाले नाहीत.

शुश्रूषा करणारीच्या बाजूने लिहिलेले आपले पहिले मोठे पुस्तक म्हणजे रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०). स्त्रीशिक्षणाच्या आणि समाजसुधारणेच्या संदर्भात ते वाचण्याची आपल्याला सवय आहे. पण त्याचा शेवटचा भाग, १६ जानेवारी १९०१ पर्यंतचा, हा एका दुखणेकऱ्याच्या दिनक्रमाचाही दस्तऐवज आहे. जेवण किती झाले, झोप कशी लागली, कोण भेटायला आले, बोलण्याने दम लागला की नाही, याची ती वही आहे. न्यायमूर्तींच्या विचारांचा इतिहास अनेकांनी लिहिला. त्यांच्या घासांचा इतिहास लिहिण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला होता. मराठी गद्यात तपशिलाची जी बारीक नजर स्त्रियांच्या आत्मचरित्रांनी आणली, तिचे एक मूळ आजाऱ्याच्या उशाशी असावे, असे मला अनेकदा वाटते.

आता थोडे शिवऱ्याकडे वळते, कारण हे विचार तिथे सुचले. शिवरे हे भोर तालुक्यातले, खेड-शिवापूरच्या दक्षिणेला पुणे-सातारा रस्त्यालगतचे गाव; माझे सासर. वायव्येला सिंहगडाचा डोंगर. हा सारा मुलूख हवापालटासाठी जाणाऱ्यांचा. १८९८ च्या सप्टेंबरात तुरुंगातून सुटलेले टिळक खालावलेली प्रकृती सावरायला सिंहगडावरच्या बंगल्यात गेले. १९२० च्या उन्हाळ्यात गांधीही विश्रांतीसाठी त्याच गडावर राहिले. पाचगणीला फुप्फुसे सुधारायला जाणारी कित्येक कुटुंबे याच रस्त्याने गेली असणार. गावातली माणसे मात्र हवापालटाला कुठे गेल्याचे ऐकिवात नाही; ज्या हवेसाठी लोक इकडे येत, ती त्यांना जन्मभर फुकट होती आणि विश्रांती तेवढी नव्हती. भातलावणीत ताप आला तर चिखलातच घाम येऊन तो उतरायचा.

टायफॉइडनंतरचे तीन आठवडे मी तिथे काढले. पहिला आठवडा आठवत नाही. दुसऱ्यात ओसरीवर ऊन कधी कुठल्या फरशीवर येते, हे कळू लागले. मग पेज आली. आंबेमोहोराची पेज आजाऱ्याला, म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना देण्याची या पश्चिमेकडच्या मावळपट्ट्यात जुनी रीत आहे. पुढे मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकनही मिळाले. उतारा कमी, पीक उंच वाढून आडवे पडणारे, म्हणून शेतकऱ्यांनी तो बराचसा सोडला आणि इंद्रायणी धरला. तरी घरोघर एखादे पायलीभर आंबेमोहोर राखलेले असते, पाहुण्यांसाठी नव्हे, दुखण्यासाठी. पेजेनंतर मऊ भात, त्यावर मेतकूट आणि तूप. मग एके दिवशी काळे पडलेले, मुरलेले लिंबाचे लोणचे, नखाएवढे. त्या लोणच्याने जिभेला जे काही झाले, त्याचे वर्णन काव्यशास्त्रातल्या कुठल्या रसात बसते ते मला ठाऊक नाही. पहिली आंघोळ. मागच्या दारापर्यंतची पहिली फेरी. रात्री हमरस्त्यावरच्या ट्रकांचे आवाज चढणीला बदलतात, हेही तेव्हाच ऐकले. इतक्या वर्षांत ऐकले नव्हते.

शेजारच्या आत्याबाई रोज डोकावत. एकदा उंबऱ्यावर टेकत म्हणाल्या, “बाईमाणसानं एवढं निजायचं म्हंजी बाळंतपनातच की वं!” त्या हसत होत्या आणि त्यात टोमणा नव्हता; त्या एक सामाजिक नियम सांगत होत्या. आपल्याकडे स्त्रीच्या विश्रांतीला परंपरेने मान्यता दिली ती फक्त बाळंतिणीच्या खोलीत. शेक, धुरी, आळीव, डिंकाचे लाडू, सव्वा महिना, आणि तोही जमल्यास माहेरी. एरवीच्या दुखण्यात तिने अंथरूण धरले, की घराचे चाक अडते.

याच भोर, वेल्हे, मुळशी, मावळ भागातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हँ यांनी त्यांच्या सहकाऱ्यांसह १९८० च्या दशकापासून गोळा केल्या. महाराष्ट्रभरातून जमलेल्या त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. तिथे दुखणे येते, ते बहुधा ‘जडभारी’ या शब्दातून. आणि जिवाला जडभारी झाल्यावर खरा प्रश्न असतो तो उशाशी कोण बसले याचा. आई, बहीण, भाऊ, शेजी. औषधाचे नाव क्वचित, माणसाचे नाव हटकून. छापील आत्मचरित्रांत जे एका वाक्यात आटोपले, ते इथे, लिहिता न येणाऱ्या बायकांनी, पहाटेच्या अंधारात दळताना गायले आहे. अर्थात दळताना, म्हणजे उठल्यावर. निजून राहिलेल्या दिवसांविषयी त्यांना बोलता आले ते काम पुन्हा हाती घेतल्यानंतरच.

गांधींच्या एका दुखण्याकडेही या बाजूने पाहता येते. १९१८ च्या पावसाळ्यात खेडा जिल्ह्यात त्यांना हगवणीने गाठले. ते दुखणे इतके लांबले, की माथेरानची हवाही मानवली नाही. तिथले पाणी जड होते. मुंबईत डॉ. दलालांनी दूध घेतल्याखेरीज शरीर भरून येणार नाही असे बजावले, आणि गांधींनी तर गाई-म्हशीचे दूध न घेण्याचे व्रत धरलेले. तेव्हा अंथरुणाजवळ उभ्या असलेल्या कस्तुरबा म्हणाल्या, की मग शेळीच्या दुधाला हरकत नसावी. व्रताच्या शब्दाने बांधलेल्या माणसाला शब्दातूनच वाट काढून देणारी ही बुद्धी स्वयंपाकघरातली आहे. पथ्य सांभाळणाऱ्या प्रत्येक बाईला ती थोडीफार अवगत असते. पुढे त्याच मुंबईतल्या खोलीत चरखा आला. आत्मकथेत गांधी नमूद करतात, की त्याच्या गुंजारवाचा आपल्याला बरे करण्यात लहान वाटा नव्हता, आणि हा परिणाम शरीरापेक्षा मनावरचा होता हेही ते मान्य करतात. या सुरुवातीच्या कताईशी जोडलेल्या स्त्रियांत अवंतिकाबाई गोखले होत्या, ज्यांनी १९१८ मध्ये मराठीत गांधींचे चरित्र लिहिले होते. राष्ट्रीय चळवळीचे चिन्ह होण्याआधी चरख्याचा आवाज एका दुखणेकऱ्याची करमणूक होता, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात सहसा येत नाही.

आणि दुर्गा भागवत. बाळंतिणीच्या खोलीबाहेर, कोणाची पत्नी वा आई म्हणून नव्हे तर स्वतःसाठी, दीर्घकाळ बरे होत राहिलेली मराठीतली ही स्त्री. मध्य प्रांतात आदिवासींमध्ये संशोधनासाठी भटकत असताना विषारी सुरण खाण्यात आला आणि पुढची सुमारे सहा वर्षे अंथरुणात गेली. डॉक्टरेट राहिली ती राहिलीच. धाकटी बहीण कमला सोहोनी, केंब्रिजची पीएच.डी. मिळवलेली जीवरसायनशास्त्रज्ञ, हिने पुढे नीरेतल्या पोषकद्रव्यांवर मोलाचे काम केले; एका बहिणीला विषारी कंदाने आडवे केले आणि दुसरी अशक्तांना उठवणाऱ्या पेयाचा अभ्यास करत होती, हा योगायोग मला नेहमी थबकवतो.

‘ऋतुचक्र’ १९५६ मध्ये आले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिने. आपण ते निसर्गनिबंध म्हणून शिकवतो, लोकसाहित्य आणि संस्कृत काव्याचे संदर्भ दाखवतो, परीक्षेत निसर्गचित्रणावर प्रश्न घालतो. पण त्यातली नजर पाहा. ती सहलीला निघालेल्या माणसाची नाही. तेच झाड, तोच आकाशाचा तुकडा, रोज, आणि रोज त्यात झालेला तीळभर फरक. कोवळ्या पानाचा तांबूसपणा कोणत्या दिवशी हिरव्यात वळला, हे ज्याला दुसरीकडे जायचे आहे त्याला दिसत नाही. त्या सहा वर्षांतून हे पुस्तक थेट निघाले, असा दावा मी करणार नाही; मधे बरीच वर्षे आणि बरेच वाचन आहे. पण बघण्याची ही लय अंथरुणात शिकलेली असावी, आणि तसे असेल तर ‘ऋतुचक्र’ रमाबाईंच्या आठवणींशेजारी आणि जात्यावरच्या जडभारीच्या ओव्यांशेजारी ठेवून एकदा वर्गात वाचायला हवे. येत्या सत्रात मी द्वितीय वर्षाला तसे करून पाहणार आहे. ओव्यांचे ध्वनिमुद्रण मिळते, ते आधी ऐकवीन.