मालवण किनाऱ्यावरील जीवरक्षक साधने : एका नियमाचा इतिहास

सागरी प्रवासाच्या इतिहासात जहाजबांधणी, व्यापार आणि आरमार ह्यांचा ऊहापोह पुष्कळ झाला आहे. परंतु नौका बुडाली असता मनुष्य कशाच्या आधारे तरतो, आणि तो आधार जवळ बाळगण्याची सक्ती केव्हा व कशी झाली, ह्या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. प्रस्तुत लेखात मालवण किनारा दृष्टीसमोर ठेवून ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे : जीवरक्षक साधनांविषयीचे नियम दीर्घकाळ ते साधन नौकेवर आहे की नाही एवढेच पाहत आले, ते मनुष्याच्या अंगावर आहे की नाही, हा प्रश्न फार उशिरा पुढे आला.

मालवणचा समुद्र खडकाळ आहे. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी आरंभिली, ती ह्या खडकांचा आश्रय जाणूनच. शत्रूच्या गलबतांस दूर ठेवणारे हे खडक लहान होड्यांसही तितकेच घातक होत. अशा किनाऱ्यावर सुरक्षिततेचा पहिला नियम कोणत्याही कायद्याने नव्हे, तर पंचांगाने घालून दिला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवावयाच्या आणि नारळी पौर्णिमेस सागराची पूजा झाल्यावाचून त्या पाण्यात लोटावयाच्या नाहीत, हा संकेत म्हणजे धोका टाळण्याचाच नियम होय. शिवाय होडी लाकडाची असल्यामुळे ती उलटली तरी सहसा तळाशी जात नसे. खलाशी तिलाच धरून राहू शके. नौका हेच त्याचे जीवरक्षक साधन होते.

आगबोटींच्या काळात ही स्थिती पालटली. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या बोटी विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे घेत. मालवणास बोट दूर नांगर टाकी व उतारूंस पडावांतून किनाऱ्यावर आणावे लागे. १९०८ च्या भारतीय बंदर कायद्याने भाड्याने चालणाऱ्या नौकांस परवाने देण्याचा आणि त्यांवरील उतारू व खलाशी ह्यांची संख्या ठरविण्याचा अधिकार शासनास दिला होता. येथे कायद्याची दृष्टी स्पष्ट दिसते. त्याला मोजावयाची होती ती माणसे. त्यांपैकी प्रत्येकाच्या अंगावर काय आहे, हा प्रश्न त्या दृष्टीच्या कक्षेबाहेर राहिला.

हा दोष केवळ हिंदुस्थानातील कायद्याचा नव्हता. इंग्लंडमध्ये कॅप्टन वॉर्ड ह्यांनी १८५४ साली बुचाचे जाकीट तयार केले. ९ फेब्रुवारी १८६१ रोजी व्हिटबी येथील बचावनौका उलटली, तेव्हा तेरांपैकी बारा नाविक मृत्यू पावले. जो एकटा वाचला, त्याच्याच अंगावर ते नवे जाकीट होते. इतका बोलका पुरावा असूनही पुढील अर्धशतक नियमांचा भर अन्यत्रच राहिला. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली, त्या समयी बचावनौकांची संख्या जहाजाच्या टनभारावरून ठरविली जात असे. त्यामुळे सुमारे बावीसशे माणसांसाठी ११७८ जागा असूनही नियमाचा भंग झालेला नव्हता! १९१४ च्या आंतरराष्ट्रीय कराराने जहाजावरील प्रत्येक मनुष्यामागे साधन असले पाहिजे, हे तत्त्व मान्य केले. ही प्रगती मोठी खरी. तथापि मोजमाप साधनांचेच होते.

केवळ ह्या मोजमापावर विसंबून राहण्यातील धोका कोकणवासीयांस १७ जुलै १९४७ रोजी दिसला. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकानजीक लाटांच्या माऱ्याने कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसे प्राणांस मुकली. ती मालवणची बोट नव्हती. पण किनारा एकच व प्रवासी समाजही एकच. आषाढ अमावास्येच्या सुमारास भर पावसात ती निघाली होती. पंचांगाचा जुना संकेत यंत्राच्या भरवशावर मागे पडला होता. बोट जेव्हा काही मिनिटांत उलटते, तेव्हा फळीखाली किंवा पेटीत ठेवलेले जाकीट संख्येने पुरेसे असले तरी हाती येत नाही. 'रामदास'ची शिकवण ही आहे.

आगबोटींची ती वाहतूक आज उरलेली नाही. तिच्या जागी मालवण, तारकर्ली व देवबाग येथे पर्यटकांच्या होड्या आल्या आहेत. फायबरची होडी लाकडासारखी मुळात तरंगणारी नव्हे; तिच्यात हवाबंद पोकळ्या ठेवल्या नसतील, तर पाणी भरताच ती बुडू शकते. म्हणून अंगावरील साधनाचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ सागरतळ पाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटली व दोघांचा अंत झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात नौदलाची वेगवान नौका 'नीलकमल' ह्या प्रवासी बोटीवर आदळली व १५ जण मृत्यू पावले. त्यानंतरच गेटवे येथून निघणाऱ्या प्रवाशांस जाकीट अंगावर घालण्याची सक्ती झाली.

ह्याच्या उलट परंपरा शर्यतींच्या नौकांची आहे. अमेरिकेतील 'ड्रॅग बोट' शर्यतीत दोन नौका सरळ रेषेत अल्प अंतर प्रचंड वेगाने तोडतात. अशा वेगात पाण्याचा आघात कठीण भूमीसारखा होतो; साधे जाकीट अंगावर टिकेलच, अशी शाश्वती नसते. म्हणून तेथे साधन चालकाच्या देहाशी निगडित केलेले असते. चालक फेकला जाताच इंजिन बंद पाडणारी दोरी त्याला बांधलेली असते, आणि तपासणी झाल्यावाचून नौकेस प्रारंभरेषेवर येऊ देत नाहीत. हे शहाणपणही मृत्यूंनीच शिकविले. हायड्रोप्लेन शर्यतींत १९८१ साली बिल मन्सी व १९८२ साली डीन चेनोवेथ मरण पावले. पुढे १९८६ मध्ये 'मिस बडवायझर' नौकेवर लढाऊ विमानाचे बंदिस्त छत्र बसविण्यात आले.

नियम आपत्तीच्या मागून येतो, हे दोन्ही परंपरांत समान आहे. भेद आहे तो नियमाच्या आशयात. शर्यतीचा नियम साधन परिधान करणे ही प्रस्थानाचीच अट मानतो. प्रवासी वाहतुकीचा नियम साधन बाळगणे ही परवान्याची अट मानीत आला. मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत मालवणच्या पर्यटन-होड्या बंद ठेवण्याचा आजचा दंडक नारळी पौर्णिमेच्या संकेताचाच वारस आहे आणि तो सहज पाळला जातो, कारण होडी सुटण्यापूर्वीच तो लागू होतो. जाकिटाचा नियमही त्याच क्षणी, म्हणजे दोर सोडण्यापूर्वी, लागू झाला पाहिजे. धक्क्यावर उतारूंची मोजदाद होते, तिच्याबरोबर अंगावरील जाकिटांचीही झाली, तर ह्या दीर्घ इतिहासाचा बोध मालवणपुरता तरी पुढील आपत्तीची वाट न पाहता घेतला गेला, असे म्हणता येईल.